शेरा : वयामुळे उत्साह कमी

लेकीसाठी आणलेल्या मार्करचं टोपण आज उघडलं आणि त्या उग्र वासासरशी हैदराबादच्या आमच्या ऑफिसातली मुलाखतीची खोली आठवली.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा टीम लीड. समोर नामपल्लीहून दोन बस बदलून आलेले, सत्तेचाळिशीचे देशमुख. फळ्यावरचा माझा प्रोग्राम वाचता वाचता ते उठलेच. "साहेब, इथं चुकलंय बघा. मी पण असाच फसलो होतो एकदा!" शर्टाची बाही निळी करत त्यांनी भराभर दुरुस्ती केली. डोळे नुसते चमकत होते.

हे टीममध्ये आले तर मला कोण विचारणार, या भीतीनं मी शेरा लिहिला, 'वयामुळे उत्साह कमी.' धडधडीत खोटं. तोच शेरा त्यांना कळवला गेला.

त्यांचा नंबर मी इतकी वर्षं जपला होता. आज लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"हौ का? म्हणजे मी थकलेला दिसलो नव्हतो?"

"नाही हो. मीच घाबरलो होतो."

"अरे बाबा, आधी सांगायचं की! त्यानंतर प्रत्येक मुलाखतीला मी केस काळे करून जात होतो."

आणि ते खळखळून हसले. तोवर मी उभाच होतो. ते हसू ऐकलं आणि खुर्चीत बसलो.