ऑफिसात अंथरलेली सतरंजी

"घंटा वाजव रे. मॅडमना बघू दे," मोठ्या बाईंनी शिपायाला सांगितलं.

शाळेच्या ऑफिसात मी आणि माझे मिस्टर भिंतीला लागून उभे होतो. मध्ये आमची सुजाता. सुजू. वय आठ. समोर चार खुर्च्या, चारही भरलेल्या. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई. संस्थेचे एक सर. सुजूच्या वर्गाच्या तरुण बाई. आणि मुंबईहून खास बोलावलेल्या मॅडम. हट्टी, मारकुट्या मुलांच्या त्या तज्ज्ञ, असं आम्हाला सांगितलं होतं.

सुजूला घंटा सहन व्हायची नाही. ती वाजली की कान दाबून खाली बसायची, किंचाळायची, कुणी उचलायला गेलं की चावायची. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं. शिपायालाही होतं. तो जरा घुटमळला, पण हुकूम तो हुकूम. ऑफिसच्या दारातच टांगलेली घंटा त्याने वाजवली. बाई "पुरे" म्हणेपर्यंत वाजवत राहिला.

सुजू कोसळली. स्वतःचंच मनगट तिने दातात धरलं. मी पुढे झाले तर मोठ्या बाईंनी हात आडवा केला. थांबा म्हणाल्या, त्यांना नीट बघू द्या. मॅडम नीट बघत होत्या. मान हलवत होत्या. फरशीवर सुजूची लघवी पसरली.

"पुसून घ्या," मोठ्या बाई म्हणाल्या. फडकं कुणी दिलं नाही. मी पदराने पुसलं.

सर्कशीत जनावर दाखवतात, तशी माझी पोर दाखवली.

मग मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. मुलगी कशाला घाबरते, काय खाते, कुणाजवळ शांत होते, असलं काही नाही. मिस्टरांना विचारलं, "तुम्ही पिता का?"

माझे मिस्टर अंबरनाथच्याच एका कारखान्यात हेल्पर. चहापलीकडे कशाला शिवलेले नाहीत. ते नाही म्हणाले. मॅडमनी पुन्हा विचारलं, अधूनमधून तरी? तेवढ्यात मोठ्या बाई बोलल्या, "यांच्या वस्तीत घरोघर तेच, मॅडम. वातावरणच तसं. मुलं अशीच निघणार."

आमची वस्ती म्हणजे अंबरनाथ पश्चिमेची चाळ, सगळी बौद्धांची घरं. बाईंनी तिथे कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. तरी त्यांना सगळं माहीत होतं. मिस्टरांची मान खाली गेली. काही चूक नसताना खाली गेली. त्याचा संताप मला आजही येतो.

पुढे ते इंग्रजीत बोलू लागले. आमच्याच मुलीबद्दल, आमच्याच समोर. मला एकच शब्द कळला, मेंटल. वर्गाच्या बाई तेवढ्या सुजूकडे बघत होत्या. शेवटी निकाल मराठीत आला. पुण्याच्या पुढे अशा मुलांचं वसतिगृह आहे, तिथे ठेवा. सोमवारी येऊन दाखला घेऊन जा.

झालं. रात्री माझ्या कुशीत शिरल्याशिवाय झोप न येणारी पोर पुण्याच्या पुढे.

मी जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसायचे. दुसऱ्या दिवशी सुई मोडली, लगेच दुसरीही मोडली. सिंधी शेठ म्हणाला, "ध्यान किधर है, बाई?" काय सांगणार त्याला? मनात मी तेव्हा मोठ्या बाईंशी भांडत होते. असं मागाहून सुचतं सगळं.

आमच्या चाळीत एक रीत आहे. नळाचं भांडण असो, कुणाची सोयरीक मोडलेली असो, रविवारी विहारात वंदना झाली की तिथेच सतरंजीवर बोलायचं. सगळे खाली बसणार. ज्याची गोष्ट, तो आधी बोलणार. त्याचं पुरं होईपर्यंत कुणी मध्ये तोंड घालणार नाही, उठणार नाही. सुजूची गोष्ट आम्ही तोवर लाजेपायी तिथे काढली नव्हती. त्या रविवारी मी काढली. बोलताना रडले.

सुजूला नेमकं काय झालंय, हे तिथे कुणालाच कळलं नाही. मलाही धड कळत नव्हतं. एकाने गंडा बांधायचं काढलं, त्याला माझ्या सासूबाईंनी तिथल्या तिथे गप्प केलं. पण पोरीला लांब पाठवा, असं एकही माणूस म्हणाला नाही. कोण काय करील, एवढंच विचारत गेले. सासूबाई म्हणाल्या, पहिली घंटा होऊन गेल्यावर मी तिला सोडीन आणि व्हरांड्यात बसून राहीन. शेजारच्या शांताबाईंनी शेवटच्या घंटेआधी तिला आणायचं कबूल केलं. मिस्टर शिफ्ट बदलून मागणार होते. आमचं ठरलं.

तेव्हा माझं डोकं सणकलं. गोष्ट आमची, आणि ऑफिसात आम्हालाच कुणी बोलू दिलं नव्हतं. बसूही दिलं नव्हतं.

सोमवारी विहारातली सतरंजी काखेत मारून गेले. मिस्टर, सासूबाई, शांताबाई बरोबर. मुंबईच्या मॅडम नव्हत्या, बाकीची तिघं होती. मी सतरंजी अंथरली आणि आम्ही बसलो.

"हे काय चाललंय?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बसतोय. आमच्या मुलीचं ठरवायचंय. तुम्ही पण खाली या."

"हे ऑफिस आहे. तुमचा विहार नाही."

"माहीत आहे. विहारात कुणाला उभं ठेवत नाहीत."

सर तोंडातल्या तोंडात पुटपुटले. मिस्टरांनी मान वर ठेवून, कोण काय करणार ते सगळं सांगितलं. मग वर्गाच्या बाई खुर्चीवरून उठल्या आणि सतरंजीच्या कडेला येऊन बसल्या. "मधल्या सुट्टीच्या घंटेआधी मी तिला मैदानात नेईन," त्या हळूच म्हणाल्या. मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारीची नोकरी गेली असं मला वाटलं.

"दाखला तयार आहे," मोठ्या बाई मला म्हणाल्या.

"राहू द्या तुमच्याकडे. पोरगी उद्या वर्गात येणार."

त्यांनी हो म्हटलं नाही. शेवटपर्यंत म्हटलं नाही. सुजू मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात गेली. सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. ती चावायची थांबली नाही. दर वर्षी नवी तक्रार, नवे साहेब, नव्या मॅडम. पण त्या सोमवारनंतर माझ्या मुलीवर बोलायला जिथे चार माणसं बसली, तिथे पाचवी मी बसले. बोलावलं म्हणून नाही, मुलगी माझी आहे म्हणून. आणि अजूनही कुठे बसायची वेळ आली तर आधीच सांगते, माझं बोलून होईपर्यंत कुणीही उठायचं नाही.