चाचणीचा नंबर

जळगावच्या आमच्या ऑफिसातून रोज सकाळी केळीचे भाव शेतकऱ्यांच्या मोबाईलवर जातात. ठरल्या वेळी आपोआप मेसेज पाठवणारे ते जॉब माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस लावतो.

जॉब तपासायची त्याची तऱ्हाच वेगळी. आम्ही स्वतःच्या नंबरवर 'टेस्ट' पाठवून मोकळे होतो. तो जरा पुढची वेळ लावायचा, हाताची घडी घालून खुर्चीत रेलायचा, आणि मेसेज जायचा धुळ्याकडच्या खेड्यात, त्याच्या आईला. 'जेवनी का माय?' त्याचं म्हणणं, "तिच्या गावात रेंज नावालाच. तिथं पोचला तर सगळीकडे पोचला."

लगेच आईचा फोन यायचा. तिचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू यायचा. "जेवनू रे भाऊ. तू जेवना का?"

"काम चालू शे, माय," एवढंच बोलून तो फोन ठेवायचा आणि आमच्याकडे वळायचा. "चालला जॉब!"

आम्ही हसायचो. दोन शब्द जास्त का बोलत नाहीस तिच्याशी, असं आमच्यातल्या कुणीही कधी विचारलं नाही.

आई गेली. दिवसकार्य उरकून तो कामावर आला. परवा त्यानं नवा जॉब लावला आणि घडी घालून बसला. त्याच्याच ड्रॉवरमध्ये फोन वाजला. आईचा, बटणांचा. त्यानं तो चार्ज करून, रिचार्ज मारून ठेवला होता. मेसेज वाचून त्यानं ड्रॉवर लावला.

या वेळी मीच म्हणालो, "चालला जॉब."

तो स्वतःच्या मोबाईलकडे बघत राहिला.