सावडीतले इलेक्ट्रॉन

विश्वास कोणावर ठेवायचा, सांगा बरं? पोत्यावरच्या अक्षरांवर की पोत्यातल्या मालावर? मी चौथी शिकलेला. बाकीची शाळा पेडगावच्या माझ्या खताच्या दुकानात, पोती वाचून झाली. दुकानापुढच्या बाकड्यावर किस्से असे साचतात की झाडून काढावे लागतात. यंदाचे बहुतेक अणू-रेणूंचे, आणि त्याला कारण नामदेवतात्यांची सून मंगल.

मंगल दहावीला विज्ञानात नापास झाली आणि लग्न होऊन इथं आली. तिला पुन्हा परीक्षा द्यायची होती, अकरावीला जायचं होतं. तात्या म्हणाले, "एकडाव बस. न्हाई जमलं तर इषय बंद." पाया कच्चा, म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती आठवीचं पुस्तक घेऊन दुकानात यायची. विद्यार्थी आम्ही दोघंही.

*

हवेत सगळ्यात जास्त नायट्रोजन, असं एकदा वाचलं. म्हणजे आपलं नत्रच, हे मी पोत्यावर बोट ठेवून दाखवलं. युरिया न्यायला आलेल्या तात्यांनी उचललेलं पोतं खाली ठेवलं.

"हवेत फुकट हाय, मग शेट, तुमी काय इकायलाव?"

मंगलनंच मला वाचवलं. हवेतल्या नत्राचे दोन-दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून बसलेत, पिकाला ते सुटत नाहीत. कारखान्यात सोडवावे लागतात, नाहीतर हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी सोडवतात.

तात्यांनी पोतं उचललं. "बरं, हरभऱ्याचं बी पण दावा."

*

मग मिठाचा धडा. सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन हा विषारी वायू, आणि दोघं मिळून मीठ. मंगलनं हे घरी जेवताना सांगितलं. तात्यांनी ताट सरकवलं.

सोडियमनं आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला, क्लोरीननं तो घेतला, दोघंही निवांत झाले, असं तिनं समजावलं. तात्यांनी भाजीकडं बघितलं.

"आमच्या भावकीत असं कधी व्हायचं?" म्हणाले, आणि ताट जवळ ओढलं.

*

परीक्षा तोंडावर आली आणि गाडी हायड्रोजनपाशी अडली. प्रत्येक अणूकडं एकच इलेक्ट्रॉन, पाहिजेत दोन. देणारा कोण, घेणारा कोण? मला सुचेना, तिला उमजेना. तिनं पुस्तक मिटलं. "काका, ऱ्हाऊ द्या. मला जमायचं न्हाई."

तात्या बाकड्यावर बसून ऐकत होते. त्यांच्याकडं बैल एकच. शेजारच्या सोपानकडंही एकच. पेरणीला दोघं सावड करतात, म्हणजे दोन्ही बैल एका औताला जुंपून आधी एकाचं रान, मग दुसऱ्याचं.

"देतंय कोण आन् घेतंय कोण?" तात्या म्हणाले. "सावड हाय की ती."

मंगलनं पुस्तक उघडलं.

*

त्याच दिवसांत गावात जनावरं मोजायला साहेब आले. तात्यांनी सांगितलं, "एक जोडी." सोपाननंही सांगितलं, "एक जोडी." साहेबांनी चार लिहिले. गोठ्यात बघतात तर बैल दोन! साहेब तापले, हे दोघं शपथा घ्यायला लागले.

मंगलनं अंगणात काडीनं हायड्रोजनचा रेणू काढला. "साहेब, कोणी खोटं बोलंना. दोघांनी आपापल्या घरी दोन-दोनच मोजायचे. दोन्ही घरचे मिळून मात्र दोनच."

साहेबांनी चाराचे दोन केले. वर विचारलं, "तुम्ही सायन्सच्या टीचर का?"

मंगल लाजून आत पळाली. तात्यांनी मात्र नाही म्हणून सांगितलं नाही.

*

परीक्षेचं केंद्र परभणीला होतं. तात्यांना गाडी येत नाही, मुलगा कामाला बाहेरगावी, म्हणून विज्ञानाच्या दोन्ही पेपरांना मंगलला सोपान मोटारसायकलवर न्यायचा, पेपर सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसायचा.

निकालाच्या दिवशी दुपारी तात्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन दुकानात आले. "शेट, आमची पोरगी पास झाली. इज्ञानात!"

मी पेढा खाल्ला. तात्या जाऊन थोडा वेळ होतो न होतो, तर सोपान बॉक्स घेऊन हजर. "शेट, तोंड गोड करा. आमची पोरगी पास झाली."

मी तोही खाल्ला. आता तुम्ही हे चार ठिकाणी सांगणार, ते मला माहीत आहे. सांगा, पण हिशोब तेवढा खरा ठेवा: पेढे दोन, पोरगी एकच.