माजघरातला गोळीबार

अमेरिका इराकात घुसली त्या वर्षी मालवणात एकदाच गोळीबार झाला, आणि तो आमच्या माजघरात झाला. करणारा मी. (नेम मात्र माझा नव्हता. ते पुढे येईलच.)

आमचे वडील, नाना, बाजारात नारळ-सुपारीचं दुकान चालवायचे आणि उरलेल्या वेळात जग. दुकानासमोरच्या सलूनमध्ये रोज सकाळी त्यांची सुरक्षा परिषद भरे. दाढीचा फेस सुकेपर्यंत नाना अमेरिकेला दम देत. "तेंका तेल व्हया, तेल! बाकी सगळी नाटकां!" न्हावी निमूट मान हलवायचा. (वस्तरा त्याच्या हातात असूनही!)

नेमकं त्याच वेळी माझ्या धाकट्या बहिणीला, शोभाला, जामसंड्याचं स्थळ आलं. मुलगा प्रकाश, नोकरी कुवेतला. 'आलं' म्हणजे शोभानेच ते आणवलं होतं. मैत्रिणीच्या लग्नात दोघं एकमेकांना पसंत पडली होती. हे आईला ठाऊक, मला ठाऊक, न्हाव्यालाही ठाऊक. नाना तेवढे राहिले होते.

"कुवेत?" नाना कडाडले. "इराकाच्या शेजाराक? कुंपणापलीकडे आग लागली तर आपले माड रवतत? मी माझा चेडू थंय धाडूचंय नाय!"

त्या दिवशी शोभाने बांगड्याच्या तिखल्याला हात लावला नाही. आमच्या घरात हे आमरण उपोषणापेक्षा गंभीर. तिचा उतरलेला चेहरा मी बघितला, आणि तिथेच घात झाला, कारण माझ्यातला तंत्रज्ञ जागा झाला.

मी नुकताच घरात कॉम्प्युटर आणला होता. दुकानाच्या कामासाठी, असं नानांना सांगून. प्रत्यक्षात त्यावर मी वाळवंटातल्या लढाईचा गेम खेळायचो, आणि गावातले अर्धे लोक मला 'कॉम्प्युटरमधलो जाणकार' म्हणायचे. (उरलेल्या अर्ध्यांनी मला तो चालवताना पाहिलं होतं.)

"नाना, त्या प्रकाशाक हंय बसान बघा," मी म्हटलं. "कॅमेरो लावतंय. युद्ध आसा काय नाय, तेकाच विचारा!"

नाना सलूनमध्ये विचारविनिमय करून आले आणि तयार झाले. पण एका अटीवर. आधी गाऱ्हाणं! आमच्याकडे नवी होडी पाण्यात ढकलताना, नवा मिक्सर लावतानासुद्धा देवाला गाऱ्हाणं घालायचं. मग मुलीचं लग्न आणि नवं यंत्र एकत्र आल्यावर कसं सुटणार? रविवारी सकाळी मॉनिटरसमोर विडा ठेवला, नाना नारळ घेऊन उभे राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात प्रकाश उगवला. फोनच्या लाईनवरचं इंटरनेट ते, त्यामुळे बिचारा हसायला लागला की ते हसू पुरं व्हायला बराच वेळ लागायचा.

"बा देवा म्हाराजाऽऽ!" नानांनी सूर लावला. "आज ह्या लेकरांनी जा काय मांडलेला आसा, ता तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं.

आणि थोड्या वेळाने, स्पीकरमधून, कुवेतहून, "व्हय म्हाराजा!"

नानांचा चेहरा खुलला. "अरे, गाराणा समाजता तेका!" शोभा पदराआड हसली. मला वाटलं, जमलं! इथे नानांनी नारळ फोडला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण श्रोते मिळाल्यावर नाना थांबतात होय? फोनच्या लाईनीचं रक्षण मागून झालं, समुद्राचं मागून झालं, मग स्वारी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे वळली. लाईन कधी तुटेल सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, नानांचा आवाज हळूच कमी करावा. (कॉम्प्युटरमधून. प्रत्यक्षात ते आजवर कोणाला जमलेलं नाही.)

मी दोन बटणं दाबली. चुकीची! आदल्या दिवशी जिंकायच्या बेतात आलेला गेम मी बंद केला नव्हता, नुसता झाकून ठेवला होता. प्रकाश गडप झाला आणि पडदाभर वाळवंट पसरलं. धडाड्धूम! एक शिपाई बंदूक घेऊन धावत सुटला.

"बघ! सुरू झाला!" नाना नारळ उगारून ओरडले. "सांगलंय नाय मी?"

"अगो बाय माझ्या!" आईने कपाळाला हात लावला. "प्रकाशच तो! तेच्या हातात बंदूक कोणी दिल्यान?"

"आई, तो प्रकाश नाय!"

"मगे प्रकाश खंय गेलो?"

जाणकार नानांकडे वळला. "नाना, हो गेम आसा, गेम!"

"माणसां मरतत आणि तुका गेम दिसता? शिरा पडो तुझ्या तोंडार!"

मी दिसेल ते बटण बडवत होतो. शिपाई भिंतीला तोंड लावून आभाळात गोळ्या झाडू लागला. मागून शत्रू आले, पडदा लालभडक झाला. आईने तर थेट धामापूरच्या भगवतीला ओटी बोलून टाकली!

"दादा, सर बाजूक!" शोभाने मला ढकललं. माउस धरला, गर्रकन शिपाई फिरवला, आणि एकेक शत्रू टिपायला सुरुवात केली. प्रत्येक गोळीला नाना मागून, "व्हय म्हाराजा!" शेवटचा शत्रू पडला, विजयाची तुतारी वाजली, आणि शोभाने गेम शांतपणे बंद केला.

"दुपारी तू घोरतस मां, तेव्हा मी खेळतंय," ती म्हणाली. (गेममधला जो सर्वोच्च आकडा मी मित्रांना माझा म्हणून सांगायचो, तो कोणाचा, हे मला त्या क्षणी कळलं.)

पडद्यावर प्रकाश परत आला. उभा होता, घामाघूम. "हॅलो! नाना! सगळी खाटीखाली जावा! गोळीबार खंय चललो? शोभा बरी आसा मां? मी मिळात त्या विमानान येतंय!"

आम्ही सगळे पडद्याकडे वाकलो. त्याच्या मागे खिडकीत कोणाचे तरी धुतलेले शर्ट निवांत वाळत होते.

"तुमच्याकडे... युद्ध?" नानांनी हळूच विचारलं.

"हंय काय्येक नाय, नाना! माका तुमचोच घोर लागलो!"

अमेरिकेपुढे कधी न थांबलेले नाना थांबले. त्यांनी उपरण्याने डोळे टिपले आणि नारळ फोडला. "जावयबापू, घाबरू नका. हंय पण काय्येक नाय. माझो झील गाढव आसा, तेवढाच."

'जावयबापू' ऐकताच शोभा आत पळाली, आणि मला गाढव म्हटल्याचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये नानांनी जाहीर केलं, "जग तितक्या वायट नाय रे! थंयलो झील हंयल्यांची काळजी करता, हंयली थंयल्याची. आणि काय व्हया?"

मे महिन्यात लग्न लागलं. मांडवात नाना गाऱ्हाण्याला उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! अमेरिकेक अक्कल दी!"

"व्हय म्हाराजा!"

"इराकाक शांती दी!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि अक्कल वाटून उरली, तर आमच्या ह्या झिलाक थोडी दी, आणि तेचो हात त्या यंत्रापासून लांब ठेव रे म्हाराजाऽऽ!"

सगळा मांडव एकमुखाने गरजला, "व्हय म्हाराजा!" आणि सवयीने, सगळ्यात मोठ्यांदा, मी.