हुसेनभाईंचे सात आणे

शाहूपुरीतल्या एका गल्लीत हुसेन मोमीन यांचं बायंडिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे वह्या दाबून धरायचा एक शिकंजा, खळीचं भांडं आणि बसायला दुमडलेलं पोतं. शिक्षण सातवी. पण बारावीचा निकाल लागला की मलकापूरपासूनची माणसं पेढे वाटायच्या आधी त्यांच्या पायरीवर येऊन बसत. पोराला सरकारी मेडिकल मिळणार का, हे विचारायला.

हे ज्योतिष नव्हतं. मेडिकलची पोरं जर्नलं बांधायला आणत आणि हुसेनभाई दोरा ओवता ओवता विचारत : गुण किती होते? यादीत नंबर कितवा? तुझ्यापुढचं कोण आलंच न्हाय? का न्हाय आलं? उरलेल्या कोऱ्या पानांची एक वही बांधून त्यांनी हे सगळं उतरवलं होतं. आधी इंटर सायन्सचं, मग बारावीचं, असं तेरा वर्षांचं.

उत्तर ते आण्यांत देत, सोळा आणे म्हणजे पक्की खात्री. आणे बाजारातून गेले होते, त्यांच्या तोंडातून गेले नव्हते.

"चौदा आणे. ट्रंक भरा."

"दोन आणे. बीएस्सीचा फॉर्म आजच टाका."

एकदा शाहूपुरीतलेच एक व्यापारी भडकले. "हुसेनभाई, तोंडात जरा साखर न्हाय तुमच्या."

"साखर हाय की. च्यात घालतो," हुसेनभाई म्हणाले आणि पुठ्ठा कापायला लागले.

एकोणऐंशीच्या जुलैत बनाबाई आली. मलकापूरच्या शाळेत ती शिपाई होती, नवरा वारलेला. बरोबर मुलगी, लीला. मेडिकलच्या प्रतीक्षा यादीत लीलाचा नंबर एकोणिसावा होता आणि इकडे डी.एड.ला तिचं नाव लागलं होतं. डी.एड.वाल्यांना शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका पंधरा दिवसांत हवी होती. ती एकदा तिथं जमा झाली की मेडिकलचं बोलावणं येऊन उपयोग नव्हता. आणि जमा केली नाही तर मास्तरकीही गेली.

हुसेनभाईंनी वही चाळली. "तेरा वर्षांत चार वेळा यादी एकोणिसापर्यंत आली. पाच आणे म्हणा, अक्का."

"म्हंजी मास्तरीणच की," बनाबाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटकाही होती.

लीला मात्र हलली नाही. "चाचा, पुढची अठरा जणं खरंच येणार हायत का, हे कुणी इचारलंय का त्यांना?"

हुसेनभाईंचा हात थांबला. तेरा वर्षं ते येऊन गेलेल्यांना मोजत होते. अजून न आलेल्यांना विचारावं, हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी अठरा जबाबी कार्डं आणली. अर्ध्या कार्डावर आपण लिहायचं, उरलेल्या अर्ध्यावर समोरच्यानं उत्तर लिहून परत टाकायचं. यादीत नाव आणि गाव होतंच. प्रत्येकाला त्यांनी एकच मजकूर लिहिला : आपण मेडिकलला जाणार आहात किंवा कसे, कृपया कळवावे. आपल्यामागे एक मुलगी उभी आहे.

आठवड्याभरात अकरा उत्तरं आली. दोघं पुण्याला इंजिनिअरिंगला चालले होते. एका मुलीचं लग्न ठरलं होतं. उत्तर तिच्या वडलांनी लिहिलं होतं, पण खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं, तिला शुभेच्छा. ते कार्ड हुसेनभाईंनी वहीत जपून ठेवलं. बाकीचे येणार होते. हिशेब सात आण्यांवर गेला.

मग बारावं कार्ड आलं. चौदावा नंबर, अंबादास, गडहिंग्लजचा. कार्ड भरून गिचमीड लिहिलं होतं : घरचे म्हणतात नाद सोड, उद्या परवा नाव काढून घेणार आहे. आपण नंबरावरून सांगता असे ऐकतो. माझे किती, कळवाल का?

हुसेनभाईंना गणित लगेच दिसलं. या पोरानं नाव काढलं तर लीलाचे आठ आणे होत होते. निम्मं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं उत्तर लिहायचं नाही, एवढंच. कितीतरी पत्रं वाटेत हरवतात. भांड्यातली खळ वाळून तिच्यावर साय धरली तरी ते बसून राहिले. पोराचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. लीलाचं पाहिलं होतं.

शेवटी त्यांनी साधं कार्ड घेतलं आणि लिहिलं : आपले बारा आणे. नाव काढू नये.

पेटीत टाकलं आणि बनाबाईला निरोप धाडला. मायलेकी आल्या तेव्हा त्यांनी अंबादासचं कार्ड आणि आपलं उत्तर, दोन्ही सांगितलं, काही न लपवता.

बनाबाई उठून उभी राहिली. "आमच्या ताटातला घास काढून त्या गडहिंग्लजकराला दिला व्हय तुमी? कोण लागतो तो तुमचा?"

"कोण न्हाय."

"मग?"

"त्यानं इचारलं, अक्का."

"आणि आमी काय गुरं राखायला आलतो?"

हुसेनभाईंनी अंबादासचं कार्ड तिच्यापुढं ठेवलं.

लीला पायरीवरून म्हणाली, "आता माझं किती?"

"सातच."

"मग मी थांबते."

"अगं, कमीच हायत की," बनाबाई म्हणाली.

"कमीच हायत. पण ज्यानं त्याला खरं सांगितलं, त्यानं मलाबी खरंच सांगितलं असणार. पक्कं सात हायत. तेवढ्यावर थांबते मी."

पंधरा दिवसांची मुदत संपली. डी.एड.ची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढचे बावीस दिवस हुसेनभाईंना जेवण गेलं नाही, असं त्यांची बायको मेहमुदा सांगे. एका वहीची पानं त्यांनी उलटी शिवली. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

यादी विसाव्या नंबरापर्यंत आली. अंबादासही लागला, लीलाही लागली.

बनाबाई लीलाला घेऊन प्रवेशाचा कागद दाखवायला आली ती रडत, हसत. "माझं बोलणं मनावर घिऊ नका, भाई. तुमचं बरोबर निघालं."

हुसेनभाईंनी मान हलवली. "लागली म्हणून माझं बरोबर, असं न्हाय. लागली नसती तरी सातच हुतं, अक्का. नऊ आणे तिच्या इरुद्ध हुतं."

बनाबाईला ते कळलं नाही. ती पेढा पुढं करत राहिली. लीलाला कळलं. "आणि डी.एड.बी सोडलेलं, चाचा," ती म्हणाली आणि पायरीवर बसली. हुसेनभाईंनी उठून माठातलं पाणी आणलं आणि ती पिऊन होईपर्यंत ते तिच्याजवळ उभे राहिले.