घट्ट डाळ

रामदासपेठेतल्या दवाखान्यात सासूबाईंची ऑपरेशनची जखम भरत नव्हती, तेव्हा तिथली आहारतज्ज्ञ बाई रोज यायची. बोलताना गळ्यातल्या माळेचे मणी बोटांनी सरकवायची. "मावशी, डाळीतलं प्रोटीन म्हणजे अशीच माळ. पोटात मणी सुटे होतात, अन् तेच मणी ओवून शरीर नवी चामडी बनवते. मणीच नसले तं जखम कशी भरते?"

सासूबाई मान डोलवायच्या, वाटीतल्या डाळीचं वरचं पाणी प्यायच्या आणि खालची घट्ट डाळ झाकून ठेवायच्या. जन्मभराची सवय.

एक दिवस त्या बाईनं वाटीवरचं झाकण उचललं. "हे काहून ठेवून राहिल्या?"

"सुनेले होते ना वं, बाई."

मला वाटलं, आता ही चिडणार. तिनं स्वतःचा डबा उघडला, अर्धी डाळ-पोळी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "जेवा ताई." आम्ही दोघी सासूबाईंसमोर जेवलो. मग तोंड पुसत तिनं विचारलं, "झाली सून जेवून. आता कोणासाठी ठेवता?"

सासूबाईंनी वाटी तोंडाला लावली.

जखम भरली. त्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं. घरी मात्र डाळ वाढताना मी डाव तळापर्यंत घालते, सासूबाईंसाठी आणि मग माझ्यासाठीही.