ताडपत्रीची कडी

हवेचा अवरोध शिकवायची वेळ आली की मी मालेगावच्या शाळेत विमानवाल्यांच्या पहिल्यावहिल्या पॅराशूटची गोष्ट सांगते. धडा बाजूला राहतो आणि गोष्टच तास खाते. मुलं खूश असतात, मीही असते. ही गोष्ट आमच्या मेडशीच्या अंगणात कामी येईल, असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, पण माझं ऐकतो कोण!

आमच्याकडे सोयाबीनचं बियाणं माझी मोठी जाऊबाई राखते. मळणीयंत्रात दाण्याचं टरफल तडकतं आणि मग तो उगवत नाही, म्हणून बियाण्यापुरतं सोयाबीन ती काठीने हळू झोडपते, अंगणात वाळवते, हाताने निवडते. अर्ध्या भावकीच्या वावरात तिचंच बियाणं असतं. मागच्या वर्षी तिचा उजवा खांदा आखडला. दिवसा आम्ही सगळे बाहेर. अवकाळी पाऊस आला तर एवढी मोठी ताडपत्री ओढणार कोण? आणि भिजलेलं सोयाबीन बियाणं म्हणून गेलंच. दिवाळीच्या आधी भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, जेवता जेवता निकाल देऊन टाकला की यंदा सगळा माल बाजारात घालू आणि पेरणीला दुकानातल्या पिशव्या आणू.

मी म्हटलं, ताडपत्री सहज उघडेल अशी काहीतरी सोय मी करते.

"सोय कितीबी कर," ते म्हणाले. "आभाळ आलं की हिले काई सुचत नाही. ही जागच्या जागी बसून राहीन."

जाऊबाई खाली मान घालून भात कालवत राहिली. राग मला आला, कारण ही भाषा माझ्या ओळखीची होती. सुरुवातीला पॅराशूटची दोरी विमानालाच बांधलेली असे. माणूस खाली पडला की त्याच्या वजनाने दोरी ताणायची आणि घडी घातलेलं रेशमी छत्र पिशवीतून बाहेर ओढलं जायचं. माणसाने स्वतः काही करायचंच नाही. पडणारा हवेतच बेशुद्ध होणार, मग त्याच्या हाती छत्र उघडायची कडी देऊन उपयोग काय, असं भलेभले जाणकार जमिनीवर उभे राहून छातीठोक सांगत. भांडी घासताना हे मी जाऊबाईला ऐकवलं. खरंच बेशुद्ध पडत होते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, छे! लोक कडी स्वतः ओढून धडधाकट खाली उतरले.

तरी माझा पहिला प्रयोग बांधलेल्या दोरीचाच होता. ताडपत्रीची दोरी नवऱ्याच्या मोटारसायकलला बांधली. सकाळी आभाळ दिसलं तर गाडी फाटकाबाहेर निघाली की ताडपत्री उघडणार, असा हिशेब. दोरी मागच्या चाकात गुंडाळली गेली आणि ताडपत्री अंगण सोडून एसटीच्या थांब्याकडे निघाली. थांब्यावरच्या लोकांची चांगली करमणूक झाली. विमानाच्या शेपटीत दोरी अडकायची तीही अशीच, असं मी नवऱ्याला समजावलं. त्याला त्यात फारसा रस नव्हता. तो चाक सोडवत होता.

मग मी सरळ कडीच्या पॅराशूटकडे वळले. त्यात कडी ओढली की आधी एक छोटं छत्र स्प्रिंगने बाहेर उडतं आणि ते मोठ्या छत्राला ओढून काढतं. माणसाने फक्त सुरुवात करून द्यायची. अंगणावर उतरत्या दोन तारा ताणल्या, ताडपत्री पडद्यासारखी त्यांत ओवून भिंतीशी गोळा केली. तिच्या पुढच्या काठाची दोरी विहिरीच्या जुन्या चाकावरून कडुनिंबावर नेली आणि तिथे वाळूचं पोतं उंच टांगलं. पोतं अडवणाऱ्या खुंटीला कडी लावली; ती ओढली की खुंटी निसटून पोतं खाली येणार आणि ताडपत्री पुढे धावणार. डाव्या हातालाही जमेल असं काम. घडी मात्र माझी बिघडे, मध्येच अडके. जाऊबाईने ती लुगड्याच्या निऱ्यांसारखी चुणून घातली आणि अडकणं थांबलं. एवढं पाहून भासरे म्हणाले, बघू, या खेपेपुरतं वाळवा.

बियाणं जवळजवळ वाळत आलं होतं तेव्हा शाळेच्या खिडकीतून मला काळं आभाळ दिसलं. मी रजा टाकून स्कूटी काढली. रस्ताभर पाऊस. यंत्रावर माझा पूर्ण भरवसा होता. पण जाऊबाई खरंच बसून राहिली असेल तर, हा विचार पाठ सोडत नव्हता, आणि असा विचार करते म्हणून मी स्वतःवरच चिडले होते.

अंगणात पोचले. पोतं जमिनीवर होतं, ताडपत्री या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली, खाली बियाणं कोरडं ठणठणीत. जाऊबाई मात्र पावसात उभी, नखशिखांत भिजलेली. घरात का गेली नाही, असं विचारलं तर म्हणाली, ताडपत्री उघडताना बघायची होती.

तेवढ्यात पाऊस थांबला आणि भासरे वावरातून धावत आले. बियाण्यात हात घालून पाहिला आणि ताडपत्री सोडवायला लागले.

"राहू द्या. घडी मीच घालीन," जाऊबाई म्हणाली. कडी अजून तिच्या डाव्या मुठीत होती. "आन् मी काई बेसुद पडली नाही."